बाळाची तयारी ओळखायची कशी?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेतातून येऊन आत्ताच पाय धुऊन टेकला असाल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. घरात सासूबाई असतील, आजी असतील, तर त्यांनाही जवळ बोलवा. आज बोलायचंय ते आपल्या तान्ह्या बाळांबद्दल, आणि बाळ एकटी आई वाढवत नाही, सगळं घर वाढवतं.

आमचा बचत गट बीड जिल्ह्यातला. आम्ही बारा जणी. दर महिन्याला बैठक होते, बचत जमा होते, कर्जाचे हप्ते वहीत लिहिले जातात, आणि सह्या होईपर्यंत मांडीवरच्या बाळांची चौकशी सुरू होते. ‘तुझा बसायला लागला का?’ ‘हिची अजून रांगत नाही का गं? आमची तर या वयात भिंत धरून उभी राहायची.’ बोलणारीच्या मनात काही वाईट नसतं. पण ऐकणारी आई घरी जाते आणि चार महिन्यांच्या बाळाला चारी बाजूंनी उशा लावून बसवते. दुसरी आठवडी बाजारातून चाकांचा वॉकर आणते. ही झाली घाई.

आणि याच्या अगदी उलटंही आपल्याकडे चालतं. बाळ मागे आहे असं दिसतं, आईच्या मनात शंका येते, पण सगळ्या म्हणतात, ‘होईल गं, याचा बापही दोन वर्षांचा होऊन चालला.’ ही झाली वाट पाहणं. आमच्या गटाने या दोन्ही चुका केल्यात. दुसरी चूक जास्त महागात पडली. ती आधी सांगतो. ज्या ताईची ही गोष्ट आहे तिला विचारून सांगतोय, तिचं नाव मात्र घेणार नाही.

आमच्या भागातली बरीच घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. ही ताई पण गेली. बरोबर पाच महिन्यांची लेक. पोरगी दिवस भरायच्या महिनाभर आधी जन्मलेली. नवरा-बायको पहाटे फडात, लेक दिवसभर झोळीत. पाडव्याच्या सुमाराला ती परत आली तेव्हा पोरगी दहा महिन्यांची होती. बैठकीत ताई म्हणाली, ‘ही उजव्या हाताने काहीच धरत नाही. मूठ मिटलेलीच असते.’ आम्ही काय म्हणालो? ‘डावखुरी आहे, अजून काय!’ आणि हसलो. ताईही हसली आणि गप्प बसली.

मग पाच महिने गेले. पोरगी पंधरा महिन्यांची झाली तेव्हा आशाताई घरी आल्या. त्यांनी पोरीच्या उजव्या हाताजवळ खुळखुळा धरला. पोरीने अख्खं अंग वळवून तो डाव्या हाताने घेतला. त्यांनी दोनदा, तीनदा करून पाहिलं आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे पाठवलं. उजव्या बाजूचा हात आणि पाय दोन्ही कडक होते. आज ती अडीच वर्षांची आहे. रोजचे व्यायाम चालू आहेत, ती चालते, पण उजवा पाय अजून ओढते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ताईला सांगितलं की बाळ जितकं लहान, तितका उपचारांचा गुण जास्त येतो. आईला पाच महिने आधीच कळलं होतं. तिला गप्प केलं ते आम्ही.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की बाळाच्या वाढीबद्दल अंदाजाने बोलायचं नाही. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घेतलं. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, बाळाचं अंग वरून खाली तयार होत जातं. आधी मान, मग पाठ, मग कंबर, मग पाय. म्हणून मान धरायच्या आधी बसवता येत नाही, आणि कंबर धरायच्या आधी उभं करून उपयोग नसतो. पुढची पायरी यायची असली की बाळ आधीपासून खुणा दाखवतं. त्या ओळखल्या की आपल्याला ओढाताण करावी लागत नाही.

मानेपासून सुरू करू. जागं असताना बाळाला रोज थोडा वेळ पालथं घाला, आपण समोर बसून बोला. आधी ते क्षणभर डोकं उचलेल आणि टेकवेल. मग जास्त वेळ उचलून इकडेतिकडे बघेल. पालथं घातलं की आपण तिथून हलायचं नाही, आणि झोपवताना बाळाला उताणंच झोपवायचं. चार महिन्यांच्या आसपास मान स्थिर होते.

मग येतं वळणं. बाळ खुळखुळ्याकडे बघत एका कुशीवर जातं, पाय वर उचलून धरतं, कंबर फिरवतं. या खुणा दिसल्या की त्याला बाजेवर किंवा ओट्यावर एकटं सोडू नका. ‘कालपर्यंत तर जागचं हलत नव्हतं’ असं म्हणता म्हणता बाळ खाली पडतं. जमिनीवर गोधडी घाला, तीच खरी जागा.

बसायची तयारी अशी ओळखायची. पालथं घातलं की बाळ दोन्ही हात सरळ करून छाती उचलतं. आपण बसवलं तर हात पुढे टेकून बसतं, बेडूक बसतो तसं. ही खूण दिसली की समोर मऊ गोधडी घाला, पुढ्यात वाटी-चमचा ठेवा आणि जवळ बसा. हळूहळू ते एक हात उचलून वाटी धरेल, मग दुसरा. ज्या बाळाची पाठ अजून वाकते, ते उशांत बसलेलं दिसतं, पण खरं तर ते अडकलेलं असतं. त्यापेक्षा पालथं खेळू द्या, पाठ त्यानेच मजबूत होते.

आता वरचं खाणं. इथे दोन गोष्टी एकत्र बघायच्या, वय आणि खुणा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. पाणीही नाही. सहा महिने झाले की खुणा बघा. मान स्थिर आहे, आधाराने बसतं, आपल्या ताटाकडे टक लावून बघतं, चमचा जवळ नेला की तोंड उघडतं. आधी बाळ जिभेने घास बाहेर ढकलतं, ती सवय या सुमाराला कमी होते. पहिल्या दिवशी थोडं बाहेर आलं म्हणून ‘याला आवडत नाही’ म्हणून सोडू नका. गिळायला शिकतंय ते. दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा. मऊ कुस्करलेला वरणभात, गाजर-बटाटा कुस्करून, वर थोडं तूप किंवा तेल. चमचा आडवा केला तर ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगाला लागत नाही. एक वर्षापर्यंत मध चाटवायचा नाही. आणि आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं.

सासूबाईंना एक विनंती. उष्टावण जरूर करा, मामाला बोलवा, खीर करा. पण मुहूर्त लांबला म्हणून बाळाचं जेवण लांबवू नका. सहा महिने झाले की बाळाची भूक मुहूर्ताला थांबत नाही. नंतर केलेल्या उष्टावणाने कुठलाही देव रागावत नाही.

रांगण्याची खूण तर बघायलाच मजा येते. बाळ हात आणि गुडघ्यांवर येतं आणि जागच्या जागी पुढे-मागे झुलतं. काही बाळं आधी पोटावर सरपटतात, काही मागेच जातात, काही बूड घासत पुढे सरकतात. आणि काही बाळं हातगुडघ्यांवर रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. शंभरातली चारेक बाळं अशी असतात. बाकी सगळं वेळेवर असेल, दोन्ही बाजू सारख्या हलत असतील, तर तेवढ्यावरून काळजी करू नका.

उभं राहण्याची आणि चालण्याची तयारी भिंतीपाशी दिसते. बाळ कणगी धरून, बाज धरून, आजीचा पदर धरून उठतं. पहिले काही दिवस त्याला खाली बसता येत नाही, म्हणून रडतं. मग ते धरून कडेकडेने पावलं टाकतं. मग एक हात सोडतं. मग दोन्ही हात सोडून क्षणभर उभं राहतं आणि आपल्याकडे बघून हसतं. याच्यानंतर पाऊल. मधली एकही गोष्ट आपण ओढून आणू शकत नाही. आपण फक्त जागा मोकळी करायची. चूल, गरम कालवण, पाण्याची बादली आणि फवारणीचं औषध त्याच्या हाताबाहेर ठेवायचं.

चाकांच्या वॉकरबद्दल स्पष्टच सांगतो. घेऊ नका. त्यात बाळ लटकतं आणि चवड्यांनी ढकलतं, त्यामुळे तोल धरायला शिकत नाही. शिवाय डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ते चुलीपर्यंत किंवा पायरीपर्यंत पोचतं. कॅनडा देशाने तर २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. धरून नीट उभं राहायला लागल्यावर, सपाट जागेवर, मोठं माणूस शेजारी असताना तो चालेल.

हातापायांबरोबर कानही बघायला हवेत. आवाज झाला की बाळ दचकतं का, थांबून ऐकतं का, हे पहिल्या महिन्यांतच बघा. सहा ते नऊ महिन्यांत ते ‘बाबाबा, दादादा’ करतं. ज्या बाळाला ऐकू येत नाही तेसुद्धा सुरुवातीला आवाज काढतं आणि मग हळूहळू गप्प होतं. म्हणून ‘शांत आहे, गुणी आहे’ म्हणून खूश होण्याआधी एक करून बघा. त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहून हळू हाक मारा. वळलं तर बरं. पुन्हा पुन्हा करूनही वळत नसेल तर कान तपासून घ्या.

आता प्रश्न येतो, कधीपर्यंत थांबायचं? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास केला आणि २००६ साली त्याचे आकडे दिले. आधाराशिवाय बसणं सुमारे ४ ते ९ महिन्यांत कधीही. धरून उभं राहणं ५ ते साडेअकरा महिन्यांत. कशालाही न धरता चालणं ८ ते साडेसतरा महिन्यांत. बघा, केवढं अंतर आहे. तुझा दहाव्या महिन्यात चालला आणि माझी सोळाव्यात चालली, तरी दोघंही ठीक असू शकतात. म्हणून एका बाळाला दुसऱ्याशी ताडून बघायचं नाही. पण या अंतरालाही शेवट आहे, आणि त्या शेवटाच्या पलीकडे ‘होईल गं’ म्हणायचं नाही.

बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर वय मोजताना तेवढे दिवस वजा करा. दोन महिने आधी झालेलं बाळ आठ महिन्यांचं असेल, तर वाढीच्या हिशोबाने ते सहा महिन्यांचं धरायचं. असं दोन वर्षांपर्यंत करतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

आता ज्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही, त्या सावकाश सांगतो. शेजारी लिहिणारी कुणी असेल तर लिहून घ्या.

तीन महिने झाले तरी बाळ आपल्या चेहऱ्याकडे बघून हसत नाही.
चार महिने पूर्ण होऊन गेले तरी मान धरत नाही, किंवा मुठी सतत घट्ट मिटलेल्या असतात.
नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, नावाला वळत नाही, बडबड करत नाही.
एक वर्षाच्या आत एकच हात वापरतं, दुसरा वापरत नाही. एवढ्या लहान वयात कुणी डावखुरं किंवा उजवखुरं ठरत नाही.
दीड वर्ष झालं तरी एकटं चालत नाही किंवा अर्थाचा एकही शब्द बोलत नाही.
अंग फार ताठ लागतं किंवा अगदी लुळं लागतं.
आणि सर्वांत महत्त्वाचं, आधी जे येत होतं ते बंद झालं. बोलत होतं, बोलेनासं झालं. बसत होतं, आता बसत नाही. हे कुठल्याही वयात झालं तरी लगेच निघायचं.

यातलं काही दिसलं म्हणजे बाळाला मोठा आजार आहेच असं नाही. तपासल्यावर बऱ्याचदा सगळं ठीक निघतं. मग जाऊन आलेला दिवस वाया गेला असं समजू नका.

जायचं कुठे? सुरुवात घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून करा. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड ठेवलेलं असतं. ते फक्त लसींच्या तारखांसाठी नाही. त्यात कोणत्या वयात बाळ काय करतं याची चित्रं आहेत. वाचता येत नसलं तरी चित्र कळतं. आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी येतात, तेव्हा ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवा आणि मनातली शंका बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. पथकाला काही आढळलं तर ते पुढच्या तपासणीला पाठवतात, आणि त्याखालचे उपचार मोफत असतात. पण शंका असेल तर पथक येण्याची वाट बघू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण आमच्या ताईची पोर त्याच महिन्यांत मागे पडली. कार्ड पेटीत ठेवून जाऊ नका, भांड्याकुंड्यांबरोबर ते पण बांधून घ्या. जिथे कोप्या पडतील तिथल्या अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात बाळाला घेऊन जा, तो तुमचा हक्क आहे. झोळीशिवाय इलाज नसतो हे आम्हाला माहीत आहे. पण भाकरी खायला बसता तेव्हा बाळाला झोळीतून काढून गोधडीवर सोडा. अर्धा तास का होईना, त्याला हातपाय हलवू द्या, आणि दोन्ही हात, दोन्ही पाय सारखे चालतात का ते बघा.

शेवटी गटांसाठी एक काम. आम्ही ते सुरू केलंय, तुम्हीही करा. बैठकीत हिशोब झाला की दहा मिनिटं बाळांसाठी ठेवा. ‘तुझं अजून बसत नाही का?’ असं विचारायचं नाही. विचारायचं, ‘या महिन्यात बाळ नवीन काय करून बघतंय?’ आणि दुसरा प्रश्न, ‘तुला कशाची काळजी वाटते का?’ आई हो म्हणाली की कुणी हसायचं नाही, कुणी तिला समजवायचं नाही, आणि ‘गरोदरपणी काय खाल्लं होतंस’ असं तर मुळीच विचारायचं नाही. दोघींनी ठरवायचं की उद्या तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात कोण जाणार. गाडीभाडं नसेल तर गटातून द्यायचं. आमच्या वहीत आता त्याचा एक रकाना आहे.

मागच्या बैठकीला ती ताई आली होती. लेकीने दोन्ही हातांनी बिस्किटाचा पुडा धरला होता. उजवा हात थोडा उशिरा आला, पण आला. ताई नव्या सुनांना म्हणाली, ‘तुमच्या मनात आलं ना, की बोला. मी गप्प बसले, तुम्ही बसू नका.’

तर बायांनो, बाळाची घाई करू नका, आणि आईच्या शंकेला वाट बघायला लावू नका. आज रात्री दिवा मालवायच्या आधी कार्ड काढा, आपल्या बाळाच्या वयाचं चित्र शोधा. काही चुकलंसं वाटलं तर उद्या सकाळी आशाताईंना निरोप द्या.